वैजू, तुझी जंत्री बंद केली

वैजू,

तुझ्याबद्दल काहीतरी लिही, असं दोघा-तिघांनी सांगितलं. तू कुठे शिकलीस, कुठे नोकरी केलीस, काय काय केलंस, ते लिहिणारे लिहितील. मला ते जमणार नाही. मला जे सांगायचंय ते सांगताना मान वर होत नाही, म्हणून सुरुवातीलाच सांगून टाकते. तू आयसीयूत होतीस, मी बाहेरच्या बाकावर बसले होते, मांडीवर लॅपटॉप होता, आणि मी आपल्या सॉफ्टवेअरचं नवं व्हर्जन लोकांसाठी सोडलं. तुझ्या पानांशिवाय.

तू असतीस तर इथेच अडवलं असतंस. "शुभे, आधी वाचणाऱ्याला सांग की हे आहे काय. मग रड." तर सांगते.

आपल्या सॉफ्टवेअरचं नाव 'सांगावा'. ते तूच ठेवलंस. चाकणच्या एखाद्या वर्कशॉपमध्ये एक मशीन जपानचं, एक तैवानचं, एक कुणाचं तरी वापरून टाकलेलं, आणि प्रत्येकाची बोली वेगळी. किती जॉब, म्हणजे सुटे भाग, झाले, मशीन का थांबलं, हे सगळ्यांना विचारून एका पडद्यावर दाखवायचं, एवढंच त्याचं काम. पुढे ते मशीनला लहानसहान हुकूमही देऊ लागलं. कुणीही फुकट घ्यावं, उघडून बघावं, दुरुस्त करावं, असं आपण ते ठेवलं. कंपनीची नोकरी सांभाळून शनिवार-रविवारी, काळेवाडीला तुझ्या घरी पुढच्या खोलीत बसून लिहिलं. मी प्रोग्रॅम लिहायचे आणि तू त्याची पानं. हे बटण काय करतं, हा आकडा कशासाठी, चुकलं तर काय होईल, ते सगळं साध्या भाषेत, इंग्रजीत आणि मराठीत. जगात त्याला डॉक्युमेंटेशन म्हणतात. तू पानंच म्हणायचीस.

"'फक्त हे बटण दाबा' असं लिहायचं नाही," तू मला सांगितलं होतंस. "'फक्त' कुणासाठी? ज्याला येतं त्याच्यासाठी. ज्याला येत नाही त्याला आपण मूर्ख ठरवतो." मी कधी एखादं पान लिहिलं, तर ते तू बातम्या द्याव्यात तशा आवाजात मोठ्याने वाचायचीस, आणि वाचता वाचता जिथे तुझा श्वास अडकेल तिथे मी वाक्य तोडायचं, असा नियम होता. माझी बरीच वाक्यं तुझ्या श्वासाने तोडली आहेत.

ही पानं तयार करायला तू स्वतः एक प्रोग्रॅम लिहिलास. तुझी जंत्री. कोडच्या बाजूला आपण चार ओळी लिहून ठेवायच्या. जंत्री त्या वेचून, लावून, छापता येईल असं एक लांबलचक पान बनवायची. पण तिची खरी गंमत वेगळी होती. पानात जे जे उदाहरण असेल ते ती आधी स्वतः चालवून बघायची. उदाहरण सांगितल्याप्रमाणे चाललं नाही, तर ती तिथेच थांबायची. एकही पान बाहेर पडायचं नाही.

हे सगळं छान होतं, जोवर जंत्री तरुण होती. मग ती प्रोग्रॅमिंगच्या ज्या भाषेत लिहिली होती, त्या भाषेचं जुनं रूप जगाने बंद केलं. नव्या कॉम्प्युटरवर ती चालेना. माझ्याकडे चालेना, कोइमतूरहून मदत करणाऱ्या त्या मुलीकडे चालेना, पोलंडहून मदत करणाऱ्याकडेही चालेना. चालायची ती फक्त तुझ्या जुन्या लॅपटॉपवर. कुणी एक शब्द दुरुस्त केला, तरी रविवारी तू लॅपटॉप उघडेपर्यंत सगळ्यांनी वाट बघायची.

मला हे बदलायचं होतं. त्यात काही चूक होती असं मला आजही वाटत नाही. पानं बनवणारी नवीन साधनं केव्हाच आली होती. मोबाइलवर दिसणारी पानं, शोधायला खिडकी, आणि कुणी काही दुरुस्त केलं की आपोआप ताजं पान तयार. मी वाकडला माझ्या घरी एक नमुना करून तुला दाखवला होता. आठवतंय? तू सोफ्यावर पाय वर घेऊन बसली होतीस, चिवड्यातले शेंगदाणे वेचून खात.

"अगं, जग कुठे गेलं वैजू! एक शब्द बदलायला रविवारची वाट बघायची?"

"बघायची. रविवारी मी चालवून बघते, म्हणून तो शब्द खरा असतो."

"पण हे बघ ना किती छान दिसतंय."

"दिसतंय छान. खोटं लिहिलंस तरी ते इतकंच छान दिसेल."

"मग ते तपासायचं पण घालू की यात."

"घाल ना. घातलंस की मला बोलव. तोवर हे शेंगदाणे आहेत का अजून?"

मी घातलं नाही. रंग, अक्षरं, शोधायची खिडकी, हे सगळं मी हौसेने केलं. तपासायचा भाग किचकट होता, कुणाला दिसणारा नव्हता, तो मी पुढे ढकलत राहिले. पण वैजू, तूही काही कमी नव्हतीस. त्या पोलंडवाल्याने तुझी जंत्री नव्या भाषेत चालेल अशी दुरुस्ती करून पाठवली होती. तू ती परत केलीस. का, तर त्याने तू ठेवलेली नावं बदलली होती म्हणून. मला वाटतं, रविवारी सगळे आपल्यासाठी थांबलेत हे तुला आवडायचं. हे मी तोंडावर कधी बोलले नाही आणि आता तुला उत्तर देता येत नाही तेव्हा बोलतेय. त्याचीही लाज वाटते. पण ते खरं आहे.

आपलं शेवटचं भांडण एका आकड्यावरून झालं. काही मशीनना आपोआप उघडणारं दार असतं. जॉब झाला की दार उघडतं, माणूस हात घालून जॉब काढतो, मग दार बंद होतं. उघडल्यावर किती वेळ थांबायचं ते सांगावाला सांगावं लागतं. आपण ते सेकंदात ठेवलं होतं. पाच म्हणजे पाच सेकंद. मी म्हटलं, सगळं जग मिलिसेकंद वापरतं, आपणही बदलू. म्हणजे सेकंदाचे हजार भाग धरून पाच सेकंदांसाठी पाच हजार लिहायचं.

"माणसं सेकंद मोजतात गं," तू म्हणालीस.

"माणसं नाही, मशीन मोजतं."

"हात माणसाचा असतो."

तरी शेवटी तू तयार झालीस. एकाच अटीवर. पान आधी, व्हर्जन नंतर. येत्या रविवारी तू पान करणार होतीस. तो रविवार उजाडायच्या आत तू ऑफिसात खुर्चीवरून खाली पडलीस.

पिंपरीच्या दवाखान्यात आयसीयूच्या बाहेर मी, तुझा भाऊ गणेश आणि तुझी आई, काकू, असे बसलो होतो. आत एका वेळी एकालाच सोडत. मला कुणी आत जा म्हणेना आणि मला मागताही येईना. मेंदूत रक्त साकळलंय, बघू, असं डॉक्टर सांगत होते. मी हाताला काम हवं म्हणून लॅपटॉप उघडला. लोक नवं व्हर्जन कधी येणार म्हणून विचारत होते. सगळं तयार होतं, पान तेवढं राहिलं होतं. मी बटण दाबलं. पान काय, होईल नंतर, असं मनात आलं. आणि खरं सांगायचं, तर आणखीही एक आलं. आज नको म्हणायला कुणी नाही.

तू काही न बोलता गेलीस.

दत्ताभाऊंचा फोन आला तेव्हा तुझ्या घरी सुतक होतं. दत्ताभाऊ म्हणजे चाकणच्या पुढे स्वतःच्या शेतातल्या शेडमध्ये वर्कशॉप चालवणारे, तू ज्यांच्याकडे दर वेळी छापलेली पानं स्वतः नेऊन द्यायचीस ते. तू त्यांच्याकडून हरभऱ्याच्या गड्ड्या घेऊन यायचीस. मी त्यांना एकदाच भेटले होते.

"मॅडम, तुमचं नवीन घातलं आमी कॉम्प्युटरात. दाराचं सेटिंग परत भरायला सांगितलं त्यानं. वैजूताईंचं पान उघडलं. पानावर पाच लिवलंय. पाच टाकलं. दार उघडतंय न्हाई तोवर खाड्कन बंद. आमच्या माणसाचा हात आत व्हता."

मी विचारलं, "लागलं का हो?"

"हातमोज्याचं बोट गेलं. त्याचं वाचलं."

आणि वैजू, त्यावर मी काय विचारलं माहितीये? "हात मध्ये आला की दार थांबवतो तो सेन्सर चालू होता ना?"

"त्यो टेप मारून बंद ठिवलाय. सारखी मशीन बंद पाडतो. पण मी काय सांगतोय आन तुमी काय इचारताय, मॅडम? वैजूताईंच्या पानावर इस्वास ठिवला आमी. त्यांचा फोन बी लागंना. सांगा त्यास्नी."

"बघते मी," म्हणाले आणि फोन ठेवला. तू गेलीस हे सांगितलं नाही. चूक तुझी नाही, हेही सांगितलं नाही.

नवं व्हर्जन मी लगेच मागे घेतलं. पण ज्यांनी आधीच ते उतरवून घेतलं होतं, त्यांच्यासमोर तुझं पान अजून 'पाच' म्हणत होतं. आणि ते पान मला बदलता येईना. ते इंटरनेटवर जिथे ठेवलं होतं तिथली किल्ली तुझ्या लॅपटॉपमध्ये, नवं पान बनवणारी जंत्री तुझ्या लॅपटॉपमध्ये. ज्यासाठी मी तुझ्याशी भांडले होते, नेमकं तेच. मी बरोबर होते. त्या दिवशी बरोबर असण्यासारखी वाईट गोष्ट दुसरी नव्हती.

दुपारी काळेवाडीला आले. दाराबाहेर चपलाच चपला. तुझ्या मावश्या परभणीहून आल्या होत्या. तुझ्या फोटोसमोर दिवा होता. काकू भिंतीला टेकून बसल्या होत्या. मी जाऊन त्यांच्याजवळ बसले, त्यांनी माझा हात हातात घेतला, आणि सगळ्यांना वाटलं मी भेटायला आलेय. मी बराच वेळ तसंच वाटू दिलं.

शेवटी गणेशला बाजूला बोलावून म्हटलं, "गणेश, मला वैजूचा लॅपटॉप हवाय. थोडा वेळ."

त्याने माझ्याकडे पाहिलं. "आत्ता?"

"एक पान चुकलंय. कुणाला तरी लागेल."

"ताई, लोक बसलेत गं घरात." त्याचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं. मागून एक मावशी म्हणाल्या, "काय, सामान न्यायला आली का ती?"

तेव्हा काकूच म्हणाल्या, "दे रे तिला. दोघी मिळून करायच्या ते. दे."

लॅपटॉप गणेशने आतून आणून दिला. उघडल्यावर लॅपटॉप पासवर्ड विचारायला लागला. मला तो माहीत होता. घरात कुणालाच नव्हता. मी टाइप करत होते तेव्हा गणेश माझ्या बोटांकडे बघत होता, आणि सख्ख्या भावाच्या आधी आपण बहिणीच्या घरात शिरलो, असं मला वाटलं.

मी पुढच्या खोलीतच बसले, त्याच कोपऱ्यात. पानात मजकूर घातला: नव्या व्हर्जनमध्ये पाच हजार, जुन्यात पाच. घाई झाली होती. खालचं उदाहरण बदलायचं राहिलं. जंत्री चालू केली. पंखा घरघरू लागला. ती एकेक पान पुढे सरकत गेली आणि त्या पानाशी येऊन थांबली. पडद्यावर ओळ आली.

काकू माझ्या खांद्याशी येऊन बसल्या होत्या. "काय म्हणायलंय गं ते?"

मला वाचवेना. पण त्या वाट बघत होत्या, म्हणून वाचलं. "'हे असं होत नाही. लिहायच्या आधी स्वतः करून बघ. पाणी पी आणि परत ये.'"

जंत्रीतले निरोप तू मराठीत लिहिले होतेस. उदाहरण चुकलं की ती असंच बोलायची. मला ते नेहमी पोरकट वाटायचं. बाहेरच्या माणसाला कसं कळणार, काढून टाक, म्हणून मी किती वेळा म्हटलं होतं तुला.

काकू पडद्याकडे बघत राहिल्या. "हे तिनं लिवलं?"

"हो."

"तिचंच बोलणं हाय." मग त्यांनी गणेशला हाक मारली, मावश्यांना हाक मारली. "इकडं या. ऐका. वाच गं माय पुन्हा." मी पुन्हा वाचलं. 'पाणी पी' ऐकल्यावर गणेश हसला आणि हसता हसताच तोंड फिरवून आत गेला. मघाच्या त्या मावशींनी पाण्याचा तांब्या आणून माझ्यासमोर ठेवला. मी पाणी प्यायले. उदाहरण दुरुस्त केलं. जंत्री शेवटपर्यंत गेली. पान बदललं.

"झालं का?" काकूंनी विचारलं.

"झालं."

"ती नेमकं काय काम करायची गं? मी इचारलं की म्हणायची, कॉम्प्युटरचं."

वैजू, मी इतकी वर्षं हेच केलं, किचकट गोष्ट सोपी करून सांगायची, तेही तुझ्याकडून शिकून. पण तुझ्या आईसमोर मला एक धड वाक्य सुचलं नाही. "लोकांचं चुकू नये म्हणून लिहायची," म्हटलं. काकूंनी मान हलवली. ते पुरेसं होतं की त्यांनी सोडून दिलं, कोण जाणे. निघताना सुतकाच्या घरात 'येते' म्हणत नाहीत, म्हणून मी काहीच न बोलता उठले.

घरी जाताना काळेवाडी फाट्याच्या सिग्नलला उभी होते आणि मला माझी नोकरी गेली तेव्हाचे दिवस आठवले. सोसायटीत कुणाला कळू नये म्हणून मी रोज सकाळी आवरून, बॅग घेऊन बाहेर पडायचे आणि मॉलमध्ये जाऊन बसायचे. तुला कसं कळलं ते तू कधीच सांगितलं नाहीस. तू धीर वगैरे दिला नाहीस. एक दिवस दुपारी समोर येऊन बसलीस आणि म्हणालीस, "मशीनच्या अलार्मची सगळी पानं जुनी झालीत. तुला वेळ आहे, मला नाही. लिही." ते काम करता करता मी उभी राहिले. नवीन नोकरीच्या मुलाखतीत मी तीच पानं दाखवली. तुझे आभार मानायचे राहिलेच, कारण तू ते मानू दिले नसतेस आणि मला ते सोयीचं होतं.

दत्ताभाऊंना फोनवर सांगता आलं असतं. पण तू पानं नेऊन द्यायचीस, म्हणून दुरुस्त पान छापून घेतलं आणि शनिवारी निघाले. मोशीच्या पुढे कंटेनरच्या रांगेत अडकले, तेव्हा परत फिरावं असं दोनदा वाटलं. शेडमध्ये मशीन चालू होतं. दत्ताभाऊ बाहेर आले, त्यांच्या मागे बळीराम, ज्यांचा हात वाचला ते. पन्नाशीचे असतील. चिंधीने बोटं पुसत उभे राहिले आणि मी सारखी त्या बोटांकडेच बघत होते.

"वैजूताई का न्हाई आल्या?" दत्ताभाऊ म्हणाले. "त्यास्नीच बोलायचं व्हतं मला."

"वैजू गेली, दत्ताभाऊ."

"कुठं गेल्या?" मग त्यांना माझ्या चेहऱ्यावरून कळलं. त्यांनी डोक्यावरची टोपी काढली. "कवा? मी फोन केला तवा?"

"त्याच्या आधीच."

ते खुर्चीवर बसले. बळीरामांनी आतून चहा आणला. मग दत्ताभाऊच म्हणाले, "मनात लई राग धरला व्हता म्या. म्हटलं, आली की चांगलं सुनावतो. आता गेलेल्या मान्सावर काय राग धरायचा? मानूस हाय. चुकतं. काय रं बळीराम?"

"व्हय," बळीराम म्हणाले. "बाई चांगली व्हती."

त्यांनी तुला माफ केलं, वैजू. माझ्या चुकीबद्दल. मी नुसती गप्प बसले असते, तरी सगळं मिटलं असतं. त्यांच्या मनात राग राहिला नसता, तुझ्याबद्दल चांगलंच राहिलं असतं. मी गप्प बसले. खोटं सांगत नाही, मी तो चहा संपवला. कप खाली ठेवला. त्या वेळात मी स्वतःला काय काय सांगितलं असेल ते तूच ओळख.

मग म्हटलं, "दत्ताभाऊ, तिचं पान बरोबर होतं. तिने लिहिलं तेव्हा पाच म्हणजे पाच सेकंदच होते. मी ते बदललं. तिने मला सांगितलं होतं, पान झाल्याशिवाय सोडू नकोस. ती दवाखान्यात होती, तेव्हा मी सोडलं. चूक तिची नाही. माझी आहे."

मशीनच्या आवाजात मला वाटलं त्यांना ऐकू गेलं नसावं. पण गेलं होतं.

"म्हंजे फोनवर मी ताईंचं नाव घेत व्हतो, तवा तुमास्नी ठावं व्हतं?"

"हो."

"आन तुमी सेन्सरचं इचारलंत."

"हो."

मी मान खाली घातली. बळीराम जरा अवघडले आणि त्यांनीच विचारलं, "मग आता किती टाकायचं, मॅडम?"

"पाच हजार. लवकरच मी परत सेकंदच करणार आहे, तेव्हा पुन्हा सांगायला येईन. पण सध्या पाच हजार."

दत्ताभाऊ उठले. "बळीराम, आधी त्या सेन्सरची टेप काढ. जोड त्यो." मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "कागद ठिवून जावा." एरवी ते तुला गाडीपर्यंत सोडायला यायचे, असं तू सांगायचीस. मला सोडायला कुणी आलं नाही, आणि ते बरोबरच झालं.

घरी आल्यावर मी सांगावा वापरणाऱ्या सगळ्यांसाठी लिहिलं, इंग्रजीत आणि मराठीत. काय घडलं, कुणामुळे घडलं, पान कुणी लिहिलं होतं आणि ते का बरोबर होतं. तुझ्या श्वासाच्या नियमाप्रमाणे मोठ्याने वाचून बघितलं. पहिल्या वेळी मी लिहिलं होतं, 'पानात बदल व्हायचा राहून गेला.' वाचताना थांबले. कुणी केला नाही ते त्यात नव्हतंच. 'मी बदल केला नाही' असं केलं.

मग जंत्रीचं काम हातात घेतलं. उदाहरण आधी चालवायचं, चुकलं तर थांबायचं, हे नव्या साधनात घालायचं काम. दोन वर्षं पुढे ढकललेलं. कोइमतूरची ती मुलगी आणि तो पोलंडवाला दोघेही लागले. त्याने तुझी नावं बदलली नाहीत, मला आधी विचारलं. आणि वैजू, ते इतकं मोठं नव्हतंच गं. मनावर घेतलं असतं तर दिवाळीच्या सुट्टीत झालं असतं. तू नवं साधन बघितलं असतंस, नाक मुरडलं असतंस, चार चुका काढल्या असत्यास आणि वापरलं असतंस. आता नव्या व्हर्जनला पान झाल्याशिवाय बाहेर पडताच येत नाही. माझ्यासारखं कुणी बाकावर बसून बटण दाबलं तरी ते दबत नाही.

तुझे निरोप ठेवलेत. खाली इंग्रजी अर्थ दिलाय. पोलंडवाल्याने विचारलं, पाणी प्यायचा तांत्रिक अर्थ काय? मी सांगितलं, पाणी प्यायचं. सेकंद परत आणलेत; तिथे तुझं खरं होतं. पण ते एकच लांबलचक पान मी तोडलंय. विषयानुसार वेगळी पानं केलीत, हवं ते छापून घेता येतं. तुला हे आवडलं नसतं. तू म्हणाली असतीस की माणूस शोधायला एक जातो आणि वाटेत चार वाचतो, ते गेलं. असेल. पण मला अजूनही माझंच बरोबर वाटतं, आणि त्यावर तुझ्याशी कडाडून भांडायची फार इच्छा होते.

परवा दुपारी काकूंचा फोन आला. आधी जेवलीस का विचारलं. मग म्हणाल्या, "गणेशला दुकानात बिलं करायला कॉम्प्युटर पाहिजे. वैजूचा नुसताच पडून हाय. पण तो म्हणतो, आधी शुभाताईला इचार, तिचं काम त्याच्यावर असतंय. सगळं पुसून घ्यावं लागंल म्हणतो. देऊ का माय?"

मी काय करत होते ते सांगू? कुणीतरी कुठलासा शब्द दुरुस्त केला होता आणि समोर नवी पानं आपोआप तयार होत होती. उदाहरणं एकामागून एक चालत होती. कुणाच्याही लॅपटॉपची, कुठल्याही रविवारची वाट न बघता. याचसाठी मी भांडले होते.

"द्या काकू," मी म्हटलं. "आता त्याच्यावाचून काही अडत नाही."

त्यांना खात्री हवी होती.

"कायबी अडायचं न्हाई ना?" त्यांनी विचारलं.

लॅपटॉपबद्दलच विचारत होत्या त्या. मला कळत होतं. तरी मला ते तुझ्याबद्दलच ऐकू आलं, वैजू.